हरकत न आल्यास

धरणाच्या कचेरीत मी लागले त्या दिवशी मोठ्या कारकुनांनी मला माझं काम एका दमात सांगितलं. "साहेब म्हणतील ते गावात सांगायचं. गाव म्हणेल ते साहेबांना सांगायचं. बस्स."

घरी येऊन मी ते आत्याला जसंच्या तसं सांगितलं. ती विळ्याला धार लावत बसली होती.

"म्हणजे इकडचं तिकडे करायचं," ती म्हणाली. "हे काम आपल्या आळीत बायका फुकट करतात गं. त्याला पगार देणारं खुळं कोण निघालं?"

एकोणीस वर्षांची होते मी. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्याने वाढवलेली, आणि सातवीच्या पुढे शिकलेली गावातली एकटी मुलगी. आज ऐंशी ओलांडली तरी त्या कचेरीतला एकेक चेहरा मला लख्ख आठवतो. माणसं विसरता येतात, पण मठ्ठपणा विसरता येत नाही, विशेषतः तो इस्त्रीच्या कपड्यांत आलेला असला की.

कचेरी नदीपलीकडच्या टेकडीवर होती. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, आणि मधल्या खोलीत एवढं मोठं टेबल की ते त्या दारातून आत गेलंच कसं, हे आमच्या आळीतल्या गवंडीमामांना शेवटपर्यंत सुटलं नाही. टेबलावर काचेखाली आमचं अख्खं खोरं पसरलेलं. या टेबलाचे धनी म्हणजे धरणाचा आराखडा करणारे मोठे साहेब. आम्ही त्यांना नकाशेसाहेब म्हणायचो.

नकाशेसाहेब दुष्ट नव्हते. दुष्टाला निदान समोरचा माणूस दिसतो. यांना आम्ही निळ्या पेन्सिलीच्या आत की बाहेर, एवढंच दिसायचं. दोन वर्षांत ते गावात पाच वेळा आले आणि त्यांतल्या तीन वेळा जीपमधून उतरले नाहीत. उतरले तेव्हा शाळेच्या पटांगणात सभा घेतली. हातात छडी, मागे नकाशा, आणि चाळीस-चाळीस मिनिटं भाषण. पूर्ण संचय पातळी, बाधित क्षेत्र, टप्पा एक, टप्पा दोन. शेवटी "काही शंका?" असं विचारायचे आणि घड्याळ बघायचे. एवढा वेळ मांडी घालून बसलेल्या माणसाला पायाला आलेल्या मुंग्यांखेरीज दुसरी शंका कुठून येणार? मग मी वहीत लिहायची, ‘ग्रामस्थांना समजावून सांगितले व ग्रामस्थांना समजले.’ हो, माझ्याच हाताने लिहायची. अक्षर सुरेख होतं माझं.

एकदाच आत्या उठून उभी राहिली. "साहेब, वरच्या आळीत पाणी येणार की नाही, तेवढं सांगा."

त्यावर साहेब पाव तास बोलले. परत येताना आत्या म्हणाली, "याला ‘हो’ म्हणायला सरकारने बंदी केली आहे काय?"

खालच्या आळ्या बुडणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. प्रश्न आमच्या वरच्या आळीचा होता. अकरा घरं, एकमेकांना पाठ लावून उभी. एका घरात खोकला झाला की तिसऱ्या घरातून "आलं घाल गं त्यात" अशी हाक यायची. परसात एक विहीर, तिच्या रहाटाचा आवाज असा की कोण पाणी ओढतंय हे मला अंथरुणातून ओळखता यायचं. आत्या ओढायची तेव्हा दोनदा कुरकुर आणि मग गप्प. तो आवाज पुढे कुठल्याच नळाला आला नाही.

त्या वर्षी थंडीत दुर्बीणवाला आला. तीन पायांवर दुर्बीण ठेवून जमिनीची उंची मोजायची, हे त्याचं काम. त्याने शाळेच्या भिंतीवर वळचणीखाली, पाणी येणार तेवढ्या उंचीवर, लाल रंगाचा पट्टा ओढला, आणि आमच्या परसात, विहिरीच्याही वर, पांढरे रंगवलेले सहा दगड ओळीने पुरले. तो गावकऱ्यांशी बोलायचा नाही. मी समोर असले तर माझ्याशी बोलायचा, तेही दुर्बिणीतून डोळा न काढता.

"सांग त्यांना, पाणी दगडापर्यंत येणार. दगडाला हात लावायचा नाही."

मी सांगितलं. आत्याने दगडाभोवती एक फेरी मारली.

"दगडापर्यंत म्हणजे आमची घरं पाण्यात. त्याला म्हणावं, दगड जरा खाली घे. उकिरड्याच्या कडेला घे. खालचं वावर गेलं तरी आमचं काही म्हणणं नाही."

मी ते त्याला सांगितलं. तो हसला. "बरं, बरं. वर विचारून सांगतो."

आता यात हसण्यासारखं काय होतं, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. आमच्याकडे दोन शेतांमधला दगड असाच ठरायचा. एकाने ओढून धरायचं, दुसऱ्याने सैल सोडायचं, आणि जमेल तिथे दगड पुरायचा. पुरला की ठरलं. धरण त्यांचं, पाणी त्यांचं, दारं उघडणं-मिटणं त्यांच्या हातात. ते ठरवतील तिथवर पाणी भरतील, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. पाण्याला कोणाचा शब्द पाळावा लागत नाही, ते आपल्या पातळीने येतं, आणि दगड ती पातळी फक्त दाखवतो, एवढं एक वाक्य दुर्बीणवाल्याने दुर्बिणीतून डोळा काढून सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण एक वाक्य बोलणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

महिना गेला, दुसरा गेला. वरून उत्तर नाही. कचेरीच्या भिंतीवर मात्र नोटिसा येत राहिल्या, आणि त्या वाचून दाखवणं माझं काम होतं. प्रत्येक नोटिशीच्या शेवटी एकच ओळ असायची: ‘तीस दिवसांत लेखी हरकत न आल्यास सर्व संबंधितांस मान्य आहे असे समजले जाईल.’

आत्याने ती ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली.

"म्हणजे आपण महिनाभर गप्प बसलो की यांनी समजायचं, आपलं जमलं?"

"हो."

"आणि हे महिनाभर गप्प बसले की?"

मी नोटीस पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. त्याबद्दल तिच्यात काही नव्हतं.

"लिही मग," आत्या म्हणाली.

कचेरीची भाषा लिहायची मला तेव्हा मोठी हौस. मी झोकात अर्ज लिहिला. ‘वरच्या आळीच्या परसातील सहा दगड साठ पावले खाली, उकिरड्याच्या कडेस घ्यावेत. तीस दिवसांत लेखी हरकत न आल्यास कचेरीस मान्य आहे असे समजले जाईल.’ अकरा घरांचे अंगठे. दोन प्रती. मोठ्या कारकुनांनी एक शब्दही न वाचता दोन्हींवर शिक्का मारला, एक प्रत फायलीत घातली आणि दुसरी मला पोच म्हणून परत दिली. चहा प्यायला जायची घाई होती त्यांना.

आत्याने कोळशाने भिंतीवर रोज एक रेघ ओढली. तीस झाल्या. हरकत आली नाही. आत्याने वर एक दिवस सुटीचा म्हणून आणखी सोडला. बत्तिसाव्या दिवशी सकाळी अकरा घरांनी मिळून दगड उपटले, साठ पावलं मोजली, आणि उकिरड्याच्या कडेला ओळीने, अगदी दोरी धरून पुरले. दुर्बीणवाल्याच्या ओळीपेक्षा आमची ओळ सरळ होती.

चार महिन्यांनी घरं मोजणारे दोघे आले. त्यांच्या हातात दुर्बीण नव्हती, पाटी होती. दगडांच्या खाली किती घरं, एवढं त्यांनी मोजलं. वर बघायची त्यांना गरजच नव्हती. मग कचेरीच्या भिंतीवर यादी लागली: बुडणारी घरं, आणि त्यांना पलीकडच्या माळावर मिळायचे भूखंड. वरच्या आळीतलं एकही घर यादीत नाही!

आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू. कचेरीने शब्द पाळला, असंच वाटलं. आत्या त्या आठवड्यात दोनदा म्हणाली, "माणसं दिसतात तशी अगदीच टाकाऊ नाहीत हो." तिचा हा गैरसमज दीड महिना टिकला.

शाळा यादीत होती, म्हणून तिची दारं-खिडक्या उतरवायचं काम गवंडीमामांना मिळालं. शिडीवर चढल्यावर त्यांचा चेहरा त्या लाल पट्ट्यासमोर आला. गवंड्याची नजर पातळीला सरावलेली असते. मामांनी पट्टा बघितला, वळून आमच्या आळीकडे बघितलं, आणि शिडीवरून उतरून आपली नळी आणायला गेले. पारदर्शक रबरी नळी, आत पाणी भरलेलं. दोन टोकं दोन ठिकाणी उभी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. घराचा पाया, ओटा, फरशी, सगळं मामा तिनेच साधायचे. त्या दिवशी पट्ट्यापासून खुंटी ठोकत, नळी पुढे सरकवत ते आमच्या दारापर्यंत आले, आणि चौकटीवर त्यांनी कोळशाने खूण केली. उंबऱ्यापासून साडेतीन हात वर. दाराची कडी खाली राहिली.

"आत्याबाई," मामा म्हणाले, "हे पाणी दगड बघून थांबणारं नाही. हे इथवर येणार. सगळ्या आळीत."

आत्याने कडीपासून खुणेपर्यंतचं अंतर वितीने मोजलं. मग म्हणाली, "आणि यादीत आपण नाही."

घर जाणार होतं, आणि जागाही मिळणार नव्हती. अकरा घरांपैकी कोणी आत्याला एका शब्दाने बोललं नाही. दोष द्यायला हक्काचं माणूस मी होते, पण मलाही कोणी बोललं नाही. ते जास्त लागलं.

मी टेकडी चढून कचेरीत गेले आणि सरळ टेबलाच्या खोलीत शिरले. नकाशेसाहेबांनी ऐकून घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"दगड हलवले? सरकारी खुणेचा दगड हलवणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"अर्ज दिला होता, साहेब. पोच आहे."

त्यांनी पोच वाचली. कान लाल झाले. "असा अर्ज असतो का कुठे? कचेरीला कोणी मुदत घालून देतं?"

"मग नाही म्हणायचं होतं. तीस दिवस होते."

"यादी बंद झाली आहे," साहेब म्हणाले. "आणि गुन्ह्याचा खटला झाला तर ती उघडायचीही नाही."

मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. चूक कचेरीच्या दारात येऊन उभी होती आणि तिला आत घ्यायची त्यांची तयारी नव्हती, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. शेवटी तोडगा निघाला. वरच्या आळीने कबुलीजबाब द्यायचा: दगड आम्ही हलवले, त्यामुळे यादी चुकली. म्हणजे कचेरी स्वच्छ. मग खटला न करता अकरा घरांचा सहानुभूतीने विचार होईल.

मी हे घरी येऊन सांगितलं.

"सहानुभूतीने म्हणजे किती घरांचा?" आत्याने विचारलं.

"ते नाही सांगितलं."

"बरं. देऊ जबाब. तू आणलेल्या या कोऱ्या फॉर्मवर घ्यायचा ना? मग मी बोलते, तू लिही. आणि तुझी ती झोकाची भाषा नको." मी लिहून काढल्यावर तिने फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. "हे काय छापलंय?"

"‘वरील जबाब अधिकाऱ्याने मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.’ त्याखाली साहेबांची सही. ते नेहमीचंच असतं आत्या. कोणी वाचत नाही, नुसती सही करतात."

"यावेळी वाचतील," आत्या म्हणाली.

ठरल्या दिवशी नकाशेसाहेब जीपमधून आले, आणि उतरले. ओट्यावर त्यांना खुर्ची दिली. अकरा घरं होतीच, पण खालच्या आळ्याही लोटल्या होत्या. साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागदाच्या तळाशी सहीची जागा शोधली.

"वाचा ना साहेब," आत्या म्हणाली.

"ही तुमचीच मुलगी लिहिते ना? मग बरोबरच असणार."

"अहो, मला कुठे वाचता येतं? पोरीने काहीही खरडलं असेल. तुमच्याच कागदावर छापलंय, अधिकाऱ्याने वाचून दाखवायचं. कायदा आहे म्हणे. नाहीतर मी अंगठा देत नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने वाचा साहेब, सभेत वाचता तसं!"

साहेबांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आमच्या गावाला सगळं समजत होतं.

"‘मी वरच्या आळीत राहते. आमच्या परसात दगड पुरले, ते तिथेच का हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मोठे साहेब पाच वेळा आले, तीन वेळा जीपमधून उतरले नाहीत...’" ते थांबले. "हे काय आहे?"

"खोटं आहे का?" आत्याने विचारलं.

"चौथ्यांदाही एक पायच खाली ठेवला होता," गवंडीमामा म्हणाले. लोक हसले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"‘आम्ही दगड खाली घ्यायला लेखी विचारलं. कचेरीने शिक्का मारला. तीस दिवस हरकत आली नाही. म्हणून मान्य समजून दगड आम्ही खाली घेतले. पाणी दगड बघत नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. कचेरीला माहीत होतं. घरं मोजणाऱ्यांनी पाणी मोजलं नाही, दगड मोजले. आज मोठ्या साहेबांच्या समक्ष शाळेच्या पट्ट्यापासून नळी लावून मोजलं, तेव्हा आमच्या उंबऱ्यावर साडेतीन हात पाणी येतं असं त्यांनी स्वतः पाहिलं आणि...’"

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला. "हे खोटं आहे. मी असं काही पाहिलेलं नाही. आणि ही नळी हे मान्यताप्राप्त साधन नाही."

"मग तुमची दुर्बीण आणा," मामा म्हणाले. "पाणी दोन्हीला सारखंच आहे."

"दुर्बीण आज नाही."

"नळी आहे," आत्या म्हणाली. "खोटं असेल तर खोडू. खरं असेल तर राहू दे. पण मोजल्याशिवाय कसं कळणार कोणाला?"

मोठा अवघड प्रसंग होता तो साहेबांचा. कागद सोडून जावं तर कबुली हातची जाते आणि पोचेचा तो शिक्का मात्र आमच्याकडे राहतो. ते उठले.

मामांनी शाळेकडचं टोक धरलं. दुसरं टोक धरायला चार जण पुढे आले, तर मामा तिथूनच ओरडले, "नको, आमच्या माणसाने धरलं तर वर-खाली केलं म्हणतील. साहेबांनाच धरू दे!" मग भर उन्हात, इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात रबरी नळी घेऊन नकाशेसाहेब खुंटीखुंटीला थांबत आमच्या दारापर्यंत आले. अर्धा तास लागला. उंबऱ्यावर पाय ठेवून ते उभे राहिले. नळीतलं पाणी हेलकावलं, वर गेलं, खाली आलं, आणि बरोबर त्यांच्या हनुवटीशी थांबलं.

कोणी हसलं नाही. साहेब त्या पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून आळीतली बाकीची घरं बघितली, एकेक. मला वाटतं, तेव्हा त्यांनी ती पहिल्यांदा बघितली. त्यांना त्याचं काही श्रेय द्यावं असं मला आजही वाटत नाही. माणूस दोन वर्षं टेबलावर वाकून राहतो आणि मग एका दुपारी दार बघतो, यात कौतुक कसलं?

"साडेतीन हात," ते हळू म्हणाले.

"मोठ्याने, साहेब," आत्या म्हणाली. "आणि पुढचं वाचा. एक ओळ राहिली आहे."

त्यांनी वाचलं. "‘...आणि वरच्या आळीतली अकराच्या अकरा घरं पाण्याखाली जातात हे त्यांना मान्य आहे.’"

सही केली. कागद ओठ मिटून माझ्याकडे दिला. आत्याने अंगठा उठवला, तो इतका दाबून की पुढच्या दोन पानांवरही उमटला.

मला महिनाभरातच कामावरून काढलं. कारण दिलं, ‘संपर्काचे काम पूर्ण झाले.’ साहेबांची पुढे बढती झाली, दुसऱ्या कुठल्या तरी नदीवर. त्यांनी आमच्या धरणावर एक अहवाल लिहिल्याचं मी नंतर ऐकलं. त्यात लोकांनी स्वयंस्फूर्तीने पातळी मोजण्यात भाग घेतला असं होतं म्हणे. घेतला होता खरा.

सात आठवड्यांनी पुरवणी यादी लागली. आत्या माझ्याबरोबर टेकडी चढून आली. अकरा नावं होती, तिचं चौथं. पुढे भूखंडाचा क्रमांक. मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं, मग बोटाने ओळ दाखवायला लावली, आणि त्या अक्षरांवर तळवा टेकला. मला वाटलं, हसेल.

"मिळालं एकदाचं," ती म्हणाली. "एवढं भांडून काय मिळवलं, तर आपलंच घर सोडून जायची परवानगी." मग ती टेकडी उतरायला लागली. "चल पोरी. कौलं उतरवायला मामांना लवकर सांगायला हवं, नाहीतर दुसरं कोणी तरी त्यांना आधी गाठेल."